गादीतला खडू, भिंतीतलं ग्रॅफाइट



या वेळी सदरासाठी दोन प्रश्न आले. दोन वेगळ्या घरांतून आले, पण गंमत अशी की दोन्हींची उत्तरं एकाच पुड्यात बांधलेली निघाली.

पहिला प्रश्न शारजाच्या एका वाचक भगिनींचा. त्यांना नवी गादी घ्यायची आहे. दुकानात दोन गाद्या दाखवल्या, दोन्ही सारख्याच जाडीच्या. एक हलकी, एक चांगलीच जड. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, भारीवाली लो, हाय डेन्सिटी है, दस साल कुछ नहीं होगा." वहिनींचा प्रश्न असा की जड म्हणजे चांगली, हे खरं का?

दुसरा प्रश्न दुबईतल्या एका गृहस्थांचा. त्यांनी जुना व्हिला विकत घेतलाय आणि भिंतींना बाहेरून थर्मोकोलचा थर लावून घ्यायचाय, म्हणजे एसी जरा कमी कोकलेल. कंत्राटदार दोन नमुने घेऊन आला, एक नेहमीचा पांढरा आणि एक राखाडी. राखाडीचे पैसे जास्त. "त्यात ग्रॅफाइट आहे" एवढंच तो सांगू शकला. आता ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. ते उष्णतेचं चांगलं वाहक, हे आपण शाळेत शिकलोय. मग उष्णता अडवायच्या वस्तूत उष्णता वाहणारी पूड कशाला? प्रश्न अगदी बिनतोड आहे.

दोन्ही ठिकाणी झालंय एकच. फोममध्ये कोणीतरी बारीक कण मिसळलेत. धंद्यात त्याला ‘फिलर’ म्हणतात. एका ठिकाणी तो बहुधा तुमच्या खिशाच्या विरुद्ध काम करतो, दुसऱ्या ठिकाणी तुमच्या बाजूनं. असं का, ते आज बघू.

आधी जाळीचं बोलू. गादीचा फोम, थर्मोकोल, हवाई चपलेचा तळवा, पाव, ढोकळा, अनारसा, सगळ्यांची घडण एकाच जातीची. पदार्थ मऊ किंवा पातळ असताना त्यात वायूचे बुडबुडे करायचे, ते फुगू द्यायचे, आणि पदार्थ घट्ट होताना ती जाळी जागच्या जागी पकडायची. अनारशाला छान जाळी पडली की आजी खूष व्हायची, फोमच्या कारखान्यातला फोरमनही त्याच कारणासाठी खूष होतो. फरक इतकाच की त्याची जाळी डोळ्यांना नीट दिसत नाही.

थर्मोकोलचा ठोकळा घ्या. घनफळाच्या हिशोबानं त्यात सुमारे ९८ टक्के हवा आणि जेमतेम दोन टक्के प्लास्टिक असतं. हे दोन टक्के लक्षात ठेवा. फोमचा जो काही जोर आहे, लवचिकपणा आहे, तो या दोन टक्क्यांच्या पापुद्र्यांत आणि काड्यांत आहे. तुम्ही जे कण मिसळाल त्यांनाही राहायला जागा तेवढीच. हवेत तर ते तरंगत राहणार नाहीत! डांबरात खडी घाला, सिमेंटमध्ये वाळू घाला, तिथे जागा भरपूर. फोममध्ये मात्र बर दुबईच्या एका खोलीत आठ जणांनी राहावं तशी परिस्थिती. पाहुणा आकारानं केवढा आणि स्वभावानं कसा, यावर घर टिकणार की मोडणार ते ठरतं.

कणांचं पहिलं काम बुडबुड्याला जन्म देण्याचं. लिंबू-सोड्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघा, भसकन फेस वर येतो. गोडा कमी-जास्त झालेला नसतो, वायू तेवढाच असतो, पण मिठाच्या कणांच्या खाचाखोचांत बुडबुड्याला सुरुवात करायला जागा मिळते. आपलं आपण कुठेतरी मधेच फुटणं बुडबुड्याला जड जातं, त्याला आधार लागतो. फोमचे पत्रे काढणाऱ्या कारखान्यात म्हणूनच प्लास्टिकच्या रसात टाल्क घालतात. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, तीच पावडर. शेकडा एक-दोन भाग पुरतात. बारीक कण जितके जास्त तितकी बुडबुड्यांची बीजं जास्त, आणि वायू तेवढाच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडा. परिणाम, लहान-लहान आणि एकसारखी जाळी. लहान जाळीचा फोम सहसा उष्णताही जास्त चांगली अडवतो.

म्हणजे चिमूटभर कण फायद्याचे. मग मूठभर का नकोत?

याचं उत्तर पावात आहे. चाळलेल्या मैद्याचा पाव टम्म फुगतो. कोंड्यासकट कणकेचा तेवढा फुगत नाही, दडस राहतो. त्याची कारणं एकाहून जास्त आहेत, पण त्यातलं एक असं की कोंड्याचे टोकदार तुकडे फुगणाऱ्या बुडबुड्यांच्या पापुद्र्यांना टोचतात. थर्मोकोलमधला पापुद्रा एखाद-दोन मायक्रॉनच्या घरातला असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन, यावरून अंदाज करा. त्या पापुद्र्यात दहा मायक्रॉनचा खडूचा खडा आला, तर पातळ पोळीत खडीसाखरेचा तुकडा लाटल्यासारखं होणार. पोळी तिथेच फाटते.

आता गादी. गादीचा फोम पॉलियुरेथेनचा. ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९३७ साली या जातीच्या रसायनांचा शोध लावला, आणि मऊ फोम १९५० च्या दशकात बाजारात आला. थर्मोकोलच्या पेशी बंद असतात, गादीच्या उघड्या. पापुद्रे फुटून गेलेले असतात, उरतात फक्त काड्या. त्या वाकतात आणि परत सरळ होतात, म्हणून आपण गादीत रुततो आणि उठलो की गादी वर येते. फोमची किंमत करताना ‘डेन्सिटी’ विचारतात, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. जास्त वजन म्हणजे जास्त पॉलिमर, म्हणजे जाड काड्या, म्हणजे टिकाऊ गादी. हा हिशोब बरोबर आहे, पण एका अटीवर. ते वजन पॉलिमरचंच असलं पाहिजे.

इथे खडू येतो. खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पॉलिमरच्या मानानं मातीमोल. शिवाय ती पॉलिमरच्या दुपटीहून जास्त जड, म्हणजे थोड्या जागेत वजन खूप. आता आकडेमोड करू. सव्वासहा फूट बाय पाच फुटांची, १५ सेंटिमीटर जाडीची गादी धरा. म्हणजे १९० बाय १५०. घनफळ होतं ०.४३ घनमीटरच्या आसपास. ३२ डेन्सिटीचा अस्सल फोम असेल तर वजन पावणेचौदा किलो भरेल. आता फोम घ्या २४ चा आणि त्यात घनमीटरमागे आठ किलो खडू घाला. काट्यावर पुन्हा तेच पावणेचौदा किलो! पण तुमच्या पाठीखाली जवळजवळ साडेतीन किलो खडू आहे, आणि तो पाठ धरत नाही.

हातानं दाबून हे कळेल का? सुरुवातीला नाही, आणि खरी गोम इथेच आहे. खडू घातलेला फोम हाताला उलट जास्त घट्ट लागतो, कारण कडक कणांनी काड्या ताठ होतात. दुकानात उभ्या-उभ्या अंगठा दाबणारा माणूस म्हणतो, वा, काय भक्कम! पण वाकून परत येणं, ओढ सहन करणं, न फाटणं, या बाबतींत तो फोम कमी पडतो. खडूचा कण पॉलिमरला धरून बसत नाही. काडी हजारदा वाकली की कणाभोवती बारीक भेग सुटते, मग दुसरी, मग तिसरी. ज्या जागी रोज माणूस झोपतो तिथे खड्डा पडायला लागतो. प्रयोगशाळेत याची परीक्षा घ्यायची एक ठरलेली रीत आहे. फोमचा तुकडा ठरावीक प्रमाणात चेपून, ७० अंश तापमानात २२ तास ठेवायचा, मग सोडायचा आणि किती चेपलेलाच राहिला ते मोजायचं. खडू वाढला की हा आकडा वाढतो. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाचा सोफा दोन उन्हाळ्यांत इतका बसला की पाहुण्यांना उठवायला हात द्यावा लागायचा. शेवटी टाकून देताना उशी फाटली, तर आतून पिठासारखी पूड. वहिनी म्हणाल्या, "अहो, हा सोफा की रांगोळीचा डबा?"

खडू घातला म्हणजे नेहमीच फसवणूक असते असं मात्र मी म्हणणार नाही. स्वस्तात घट्टपणा हवा असेल, आणि तसं सांगून विकलं असेल, तर तो सरळ व्यवहार झाला. राग येतो तो खडूला ‘हाय डेन्सिटी’ म्हणून विकण्याचा. तेव्हा वहिनी, दुकानदाराला डेन्सिटी तर विचाराच, पण पुढचा प्रश्नही विचारा: "ही डेन्सिटी फिलर धरून की फिलर सोडून?" आणि उत्तर बिलावर लिहून मागा. लिहायला जो कां-कूं करील त्याच्याकडची हलकी गादीही घेऊ नका. फोमचा उघडा काठ बघायला मिळाला तर काळ्या कपड्यावर जोरात घासा. पांढरी भुकटी उतरली तर समजायचं.

हवाई चपलेतही हाच प्रकार. तिचा तळवा बारीक जाळीचा रबर, आणि त्यात चिनी माती, खडू, सिलिका असं काही ना काही असतंच. इथे एक मजेची गोष्ट सांगायला हवी. सगळे कण सारखे नाहीत. टायरच्या रबरात काजळी घालतात, म्हणजे कार्बन ब्लॅक, आणि त्यानं रबर कैक पटींनी चिवट होतं. अतिसूक्ष्म सिलिकाही तसंच करते. हे कण मायक्रॉनच्याही खूप खालचे, रबराला सगळीकडून घट्ट चिकटलेले. भरड खडू नुसता जागा अडवतो, काजळी घरातली कामं करते! स्वस्त चपलेची टाच पातळ होऊन पुढे चीर पडते, तिथे बहुतेक पहिल्या जातीचे पाहुणे जास्त झालेले असतात.

आता भिंतीकडे येऊ. थर्मोकोल जर्मनीच्या बासफ कंपनीनं १९५० च्या सुमारास काढलं, आणि ग्रॅफाइट घातलेला राखाडी प्रकारही त्यांचाच, १९९० च्या दशकातला. आपल्याकडे थर्मोकोल म्हटलं की आधी गणपतीचं मखर आठवतं. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्या मखरांवर बंदी घातली ते योग्यच झालं असं मला वाटतं, पण भिंतीतलं थर्मोकोल ही वेगळी बाब. ते दहा दिवसांनी समुद्रात जात नाही.

थर्मोकोलमधून उष्णता तीन वाटांनी जाते. एक, आत अडकलेल्या हवेतून. दोन, प्लास्टिकच्या पापुद्र्यांतून. आणि तिसरी वाट किरणांची. तापलेली प्रत्येक वस्तू न दिसणारे उष्णताकिरण सोडते, जसे तंदूरसमोर उभं राहिलं की तोंडावर येतात. हलक्या फोमचे पापुद्रे इतके पातळ की हे किरण त्यांतून मलमलीच्या पडद्यातून उजेड यावा तसे आरपार येतात. हवा स्थिर, प्लास्टिक थोडं, म्हणून पहिल्या दोन वाटा आधीच अरुंद. तिसरी मात्र सताड उघडी.

ग्रॅफाइटच्या बारीक चकत्या या तिसऱ्या वाटेत उभ्या राहतात. किरण काही परत फिरवतात, काही शोषतात. शोषलेली उष्णता त्या पुन्हा सोडतात, पण चारी दिशांना, म्हणजे बरीचशी मागेच. असे एकामागे एक हजारो पडदे झाले की पलीकडे पोचणारं अगदी थोडं उरतं. आणि ग्रॅफाइट स्वतः उष्णतेचं वाहक आहे त्याचं काय? ते खरंच आहे. पण प्लास्टिक दोन टक्के आणि त्यात ग्रॅफाइट वजनानं चार-पाच टक्के, म्हणजे सबंध बोर्डाच्या घनफळात ते हजारात एक भागही नाही. चकत्या एकमेकींपासून दूर, सुट्या सुट्या. वाहून न्यायला सलग रस्ताच नाही. त्याच चकत्या भरमसाट घातल्या, एकमेकींना टेकल्या, की रस्ता झाला, आणि केलेली कमाई पाण्यात.

(याच कारणासाठी ‘ग्रॅफाइट घातलेली थंड गादी’ या जाहिरातीकडे मी जरा संशयानं बघतो. भिंतीत ग्रॅफाइट उष्णता अडवणार आणि गादीत तेच ग्रॅफाइट अंगाची उष्णता वाहून नेणार, हे चिमूटभर चकत्यांना जमायचं नाही. वाहून न्यायला सलग रस्ता लागतो. ते पैसे चांगल्या सुती चादरीवर खर्च करा.)

आकडे बघू. हलक्या पांढऱ्या बोर्डाची उष्णतावाहकता साधारण ०.०३७, राखाडीची ०.०३१ च्या आसपास. दुबईत २००३ सालापासून इमारतींना उष्णतारोधक थराचे नियम आहेत, आणि २०१४ पासून सर्व नव्या इमारतींना लागू झालेल्या हरित बांधकाम नियमांत भिंतीसाठी ०.५७ आणि गच्चीसाठी ०.३ ही उष्णता झिरपण्याची मर्यादा घातली. साध्या ब्लॉकची भिंत धरून माझा कच्चा हिशोब असा: भिंतीला पांढरा बोर्ड पाचएक सेंटिमीटर लागेल, राखाडी चार. गच्चीला पांढरा अकराच्या आसपास, राखाडी साडेनऊ. म्हणजे जागा हातात असेल तर जाड पांढरा बोर्ड लावून तेच काम होतं. राखाडीचे जादा पैसे द्यायचे ते जिथे जाडी वाढवता येत नाही तिथे. खिडकीच्या चौकटी, बाल्कनीची कड, कुंपणाची हद्द, असल्या ठिकाणी.

पण आखाती गणित एका बाबतीत वेगळं आहे. कागदावरचे ते आकडे युरोपात दहा अंश तापमान धरून मोजलेले असतात. जुलैत इथल्या भिंतीच्या थराचं मधलं तापमान सहज चाळीसच्या पुढे जातं. तापमान चढलं की तिन्ही वाटा रुंदावतात, पण किरणांची सर्वांत वेगानं. म्हणजे किरण अडवणाऱ्या ग्रॅफाइटचं मोल जर्मनीपेक्षा इथे थोडं जास्तच. कंत्राटदाराला दहा अंशांचा नको, चाळीस अंशांचा आकडा मागा.

राखाडी बोर्डाची एक खोड मात्र जरूर ध्यानात ठेवा. काळपट रंग उन्हात तापतो. लावताना बोर्डावर थेट ऊन पडलं तर तो फुगतो, वाकतो, आणि चिकटवण सुकायच्या आत भिंतीपासून सुटतो. परदेशात यासाठी परांचीवर सावलीची जाळी बांधतात. इथे मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोन वाजता हे काम करायला लावणारा माणूस बोर्डाचा आणि मजुराचा, दोघांचाही वैरी. बोर्ड सावलीत ठेवा, लगेच गिलावा करून घ्या.

आणखी एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो. "काळं आहे, म्हणजे जळत नाही" असं एक-दोघांनी मला ठामपणे सांगितलं. अजिबात नाही. बोर्डातलं हे ग्रॅफाइट आगीसाठी नसतं. पांढरं काय, राखाडी काय, थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, मग वितळतं आणि पेटतं. आगीसाठी त्यात वेगळं रसायन घालावं लागतं, आणि वरून गिलाव्याचं कवच लागतं.

आगीचा विषय निघाला की यूएईतल्या माणसाला हसण्यावारी नेता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुमेरा लेक टॉवर्समधला तमवील टॉवर, फेब्रुवारी २०१५ मध्ये मरीनातला टॉर्च टॉवर, त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला अॅड्रेस हॉटेल, ऑगस्ट २०१७ मध्ये टॉर्च पुन्हा, आणि ५ मे २०२० च्या रात्री शारजाच्या अल नाहदामधला अॅबको टॉवर. अल नाहदात आपली मराठी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. आगी लागण्याची कारणं वेगवेगळी असतील, पण ती बाहेरून सरसर चढली ती सजावटीच्या पॅनलांवरून. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिकचा गाभा. जुन्या पॅनलांत तो गाभा नुसत्या पॉलिथिलीनचा. पॉलिथिलीन म्हणजे जवळपास गोठवलेलं रॉकेलच समजा.

त्यावरचा इलाज पुन्हा कणांचाच. गाभ्यात खनिजाची पूड भरायची, मुख्यतः ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हा कण म्हणजे दगडात कोंडलेलं पाणी. दोनशे अंशांच्या आसपास तो फुटतो आणि आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाण्याची वाफ सोडतो. वाफ आग थंड करते, उरलेली राख वर झाकण घालते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तेच काम तीनशे अंशांच्या पुढे करतं. बऱ्या पॅनलात हे खनिज सुमारे ७० टक्के असतं, सर्वांत वरच्या दर्जाच्या पॅनलात ९० टक्क्यांच्या घरात. २०१८ च्या आवृत्तीत यूएईच्या अग्निसुरक्षा संहितेनं या पॅनलांचे नियम खूप कडक केले, आणि शारजात अलीकडच्या वर्षांत जुन्या टॉवर्सची पॅनलं बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. घर भाड्यानं घेताना आपण पार्किंग विचारतो, चिलर फ्री आहे का विचारतो. इमारत कधीची आणि बाहेरची पॅनलं बदललीत का, हेही वॉचमनला नव्हे, मॅनेजमेंटला विचारावं.

पॅनलाच्या गाभ्यात ७० टक्के पूड मावते, कारण तो भरीव असतो. फोमचं काय? फोमच्या दोन-तीन टक्के काड्यांत सत्तर टक्के दगड घातला तर जाळीच पडणार नाही, नुसता गोळा होईल. म्हणून फोमला आगीपासून वाचवणं हे जास्त अवघड काम आहे. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. दिवाळीत आपण सापाची गोळी लावायचो, आठवते? एवढीशी काळी गोळी, आणि तिच्यातून हातभर लांब साप निघायचा. तसंच एक फुगणारं ग्रॅफाइट असतं. त्याच्या थरांमध्ये आम्ल भरून ठेवतात. दोनशे अंशांच्या पुढे तापलं की थर उलगडतात आणि एकेक चकती शेकडो पटींनी फुगून अळीसारखी होते. त्या अळ्यांची गोधडी फोमवर पसरते आणि आगीचा फोमशी संबंध तोडते. विमानाच्या सीटच्या फोममध्ये हे वापरतात. अमेरिकेनं १९८४ मध्ये विमानातल्या सीटच्या गादीसाठी आगीचा कडक नियम केला आणि असल्या फोमांची गरज वाढली.

यातही ओढाताण आहेच. फुगणारी चकती मोठी असेल तर खूप फुगते, एक चतुर्थांश मिलिमीटर वगैरे. पण एवढी मोठी चकती फोमच्या काड्यांना पेलत नाही, जाळी बिघडते, फोम भुसभुशीत होतो. दळून बारीक केली तर फोम छान, पण आगीत ती फुगेनाशी होते. आग आणि आराम यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि प्रत्येक कारखाना ती आपापल्या जागी ओढतो.

इतकं वाचून वाटेल की कण वाढले की फोम ठिसूळ होणार, हा देवाघरचा नियमच. तसं नाही, आणि हे आपल्या पुण्यात दाखवलं गेलंय. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, गुरुस्वामी कुमारस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक स्पंज प्रसिद्ध केला. त्यात वजनानं सुमारे नव्वद टक्के कण आणि पॉलिमर फक्त चिकटवणीपुरतं! आपल्या हिशोबानं असा तुकडा बोटात धरल्यावर पिठासारखा भुगा व्हायला हवा. पण तो जोरात चेपला तरी पुन्हा मूळ आकारात येतो.

युक्ती बर्फाची. पाण्यात कण आणि पॉलिमर कालवून ते गोठवायचं. बर्फाचे स्फटिक वाढताना कणांना बाजूला रेटतात, कण स्फटिकांच्या मधल्या फटींत दाटीनं उभे राहतात आणि त्यांच्या भिंती तयार होतात. बर्फ तसाच असताना, त्या गारठ्यातच, पॉलिमरच्या साखळ्यांना एकमेकींत गाठी मारून घ्यायच्या. मग बर्फ वितळू द्यायचा. उरते ती जाळी, स्फटिकांच्या जागी पोकळ्या. २०१६ मध्ये त्याच गटानं पुढची तुलना केली. तेच कण, तेच पॉलिमर, त्याच गाठी, पण एका नमुन्यात बर्फ असतानाच गाठी मारल्या आणि दुसऱ्यात आधी बर्फ काढून टाकला, मग मारल्या. पहिला चेपून परत वर आला. दुसरा चेपला तो चेपलेलाच राहिला.

वहिनींच्या गादीतला खडू या स्पंजातल्या कणांसारखा बांधलेला नसतो, तो नुसता ओतलेला असतो. पुढच्या अंकासाठी अबू धाबीहून नॉनस्टिक तव्याचा प्रश्न आलाय, काळा थर सुटायला लागला तर तवा टाकायचा की नाही. तो घेऊ.